मीटर्स ऐकायला घ्यायचे तर कुठून? (रात्रीच्या लाईटवाल्यांसाठी खास)

तर झालं असं की गेल्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणजे सगळं गाव झोपलं की मग मोटर चालू करायची आणि केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल फिरवत पहाटेपर्यंत बसायचं, आणि अशा वेळी माणूस फोनवर काय काय ऐकत नाही भो. भजनं झाली, अहिराणी गाणी झाली, क्रिकेटच्या जुन्या मॅचा झाल्या. मग पुण्याच्या एका मित्राने लिंक टाकली, म्हणे फंक ऐक, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत, त्यातला द मीटर्स हा बँड ऐक, हा घे सगळा संच. सगळा म्हणजे सगळाच, सहा डिस्कचा, १९६८ पासून १९७७ पर्यंत ह्या लोकांनी जे काही रेकॉर्ड केलं ते ओळीने लावलेलं.

मी पहिल्यापासून लावलं. पंधरा-वीस गाणी झाली असतील, आणि मला वाटलं हे एकच गाणं चालूये का काय अजून? गाणारं कोणी नाही, ढोल-बास-गिटार-ऑर्गन, अडीच-तीन मिनिटं वाजवतात, संपतं, परत तसंच दुसरं सुरू. बंद केलं आणि मित्राला मेसेज टाकला की तुझे मीटर्स तुलाच लखलाभ.

चूक माझी होती, बँडची नव्हती. संपूर्ण संच हा नवख्या माणसाने सुरुवातीला हात लावायची गोष्टच नाहीये. पाहुणा पहिल्यांदा जळगावला आला म्हणून तुम्ही त्याला भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, डुबुकवडे, बट्टी, मांडे असं एकाच बैठकीत वाढत नाही ना, वाढलं तर तो बिचारा परत येणार नाही. म्हणून हे लिहून राहिलो, की मी जो उलटा रस्ता धरला तो तुम्ही धरू नका. मला ह्या बँडची गोडी लागायला दोन महिने लागले, तुम्हाला दोन रात्रीत लागेल.

आधी एक बारीक पण कामाची गोष्ट. नुसतं 'मीटर' असं शोधलं तर लाईटचं मीटर, पाण्याचं मीटर, रिक्षाचं मीटर असलं सगळं येतं. 'द मीटर्स बँड' टाका किंवा सरळ गाण्याचं नाव टाका. आणि गंमत म्हणजे त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या गाण्यांची नावंसुद्धा लाईटवाल्यांचीच आहेत, 'लाइव्ह वायर' आहे, 'हिअर कम्स द मीटर मॅन' म्हणजे मीटर रीडिंगवाला आला रे आला, आणि एकाचं नाव 'सिक्स व्ही सिक्स एलए', त्यातला सिक्स व्ही सिक्स म्हणजे जुन्या अँप्लिफायरमधली व्हॅक्यूम ट्यूब. तिसऱ्या अल्बममध्ये तर 'विचिटा लाइनमन' आहे, ते गाणं मूळ दुसऱ्यांचं पण ह्यांनीही वाजवलंय. रात्री अडीच वाजता डीपीवरचा फ्यूज उडालेला असताना आणि लाइनमन फोन उचलत नसताना हे ऐकण्यात जी मजा आहे ती अमेरिकेतल्या माणसालाही यायची नाही.

आता बँड कोणता, कुठला, थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर, मिसिसिपी नदीच्या काठचं. तिथे १९६५ च्या सुमारास आर्ट नेव्हिल नावाच्या कीबोर्डवाल्याने बँड जमवला. गिटारवर लिओ नोसेंटेली, बासवर जॉर्ज पोर्टर ज्युनिअर, आणि ड्रमवर जोसेफ मोडेलिस्ट ज्याला सगळे झिगाबू म्हणतात. हे चार. चारच. हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे सगळं ह्या चारावर आहे. आधी बँड मोठा होता, आर्टचे भाऊ गायला असायचे, पण ज्या क्लबात रोजचं काम मिळालं तिथे जागा छोटी, म्हणून चौघंच उरले. आणि गाणारे गेले म्हणून वाजवणाऱ्यांनाच सगळं बोलावं लागलं, मला तरी असंच वाटतं.

त्या गावचा मोठा संगीतकार-निर्माता अॅलन टूसाँ, त्याच्या आणि मार्शल सीहॉर्नच्या कंपनीचा हा घरचा बँड झाला. घरचा बँड म्हणजे गायक कोणीही येवो, मागे वाजवायला हेच. आपल्याकडे वरातीत नवरदेव रोज बदलतो, बँडवाले तेच, तसं.

बरं, आता ऐकायचं कसं.

पहिली अट, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मी तेच करत होतो, स्टीलच्या तांब्यात फोन ठेवायचा, आवाज मोठा होतो, गावाकडची जुनी आयडिया. पण तांब्यात टिंगटिंग मोठी होते, बास नाही. फोनच्या स्पीकरमधून जॉर्ज पोर्टरचा बास जवळपास गायबच होतो, आणि ह्या बँडमधून बास काढला तर उरतं काय, वरण काढून नुसती फोडणी. दीडशे-दोनशे रुपयांचे वायरवाले इअरफोन चालतात, महाग काही लागत नाही. पण रात्री मळ्यात असाल तर दोन्ही कान बंद करू नका, एक मोकळा ठेवा, मोटरचा आवाज बदलला तर कळलं पाहिजे आणि आमच्याकडे सातपुड्याच्या बाजूने बिबट्याही केळीत येऊन बसतो, त्याला फंकशी घेणंदेणं नाही. एकाच कानात ऐकायचं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असं असतं ते चालू करा, नाहीतर जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये एखादं वाद्य सगळं एकाच बाजूला असू शकतं आणि तुम्ही म्हणाल गिटारवाला आज सुट्टीवर आहे का.

मग एकच गाणं घ्या. 'सिसी स्ट्रट'. १९६९ चं, त्यांचं सगळ्यात गाजलेलं, अमेरिकेत आर अँड बीच्या, म्हणजे रिदम अँड ब्लूज ह्या काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीत चौथ्या नंबरापर्यंत गेलं आणि सर्वसाधारण पॉपच्या यादीत २३ पर्यंत, आणि ह्यात एक शब्द गायलेला नाही हे ध्यानात घ्या. तीन मिनिटांचं आहे. ते एकदा ऐकून पुढे जाऊ नका. पाच वेळा ऐका, आणि दर वेळी एकाच माणसाच्या मागे जा.

पहिल्यांदा काहीच करू नका, नुसतं ऐका, चहा प्या.

दुसऱ्यांदा बास आणि गिटार. सुरुवातीला जी धून येते ती दोघं एकत्र वाजवतात, एकाच वळणाची, जाड आवाज आणि पातळ आवाज एकमेकांना चिकटून. मग ते कुठे सुटे होतात ते पकडा. गिटारवाला नोसेंटेली फार हुशार माणूस, तो सूर छेडतो कमी आणि तारेवर खरडतो जास्त, त्यामुळे त्याची गिटार अर्धी गिटार आणि अर्धं तालवाद्य वाटते.

तिसऱ्यांदा ऑर्गन. आर्ट नेव्हिल म्हणजे बँडचा मालक माणूस, पण ह्या गाण्यात तो किती मागे बसलाय बघा. एक लांब सूर धरून ठेवतो, मधेच जरा वर सरकतो, परत खाली. आमच्याकडे भजनात पेटीवाले नाना असतात, त्यांना वाटतं मृदंगवाला, टाळकरी, बुवा सगळे आपल्यामुळेच चाललेत आणि ते सगळी बोटं सगळ्या पट्ट्यांवर नाचवतात. त्यांना हे ऐकवायला पाहिजे. (नाना हे वाचणार नाहीत म्हणून लिहिलं.)

चौथ्यांदा ड्रम, आणि इथे मात्र थांबा, इथे वेळ घालवा, कारण सगळा मामला इथे आहे. पायाने जमिनीवर एक-दोन-तीन-चार सावकाश आपटत राहा. आता प्रत्येक आपट्याच्या पोटात मनातल्या मनात 'ता-क-धि-मि' म्हणा, म्हणजे एका आपट्यात चार बारीक घरं झाली, चार आपट्यांत सोळा. आपण लग्नात नाचतो तेव्हा ढोल कुठे पडतो, 'ता' वर, नेहमी 'ता' वर, म्हणून तर दारू प्यालेला माणूसही ठेक्यात नाचू शकतो. झिगाबू काय करतो, तो कधी 'ता' सोडून देतो, कधी 'क' वर मारतो, कधी 'मि' वर, मधेच एक घर रिकामं. दोन्ही हात वेगवेगळ्या ठिकाणी वाटून वाजवतो, एक हात पत्र्यावर टिकटिक करत बसलाय आणि दुसरा ठोका देतोय असं साधं गणित नाही. तुमचा पाय सरळ चाललाय आणि त्याचे ठोके पायाच्या आजूबाजूला पडताहेत. पहिल्यांदा पाय चुकेल. चुकू द्या. माझा पाय तीन रात्री चुकत होता आणि चौथ्या रात्री अचानक जमलं, आणि जमलं तेव्हा लक्षात आलं की आपण व्हॉल फिरवायचा विसरलो, एका पट्ट्यात दुप्पट पाणी गेलं. वडलांना सांगितलं नाही.

पाचव्यांदा परत सगळं एकत्र ऐका. आता ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तसं राहिलेलं नसतं.

हे मी कोणाकडून शिकलो तर माझ्या मामाकडून. मामा अमळनेरकडे, आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवला, आता गुडघे गेले म्हणून घरी असतात. त्यांना मी दिवाळीत सहज इअरफोन लावून दिला, म्हटलं बघा मामा हे काय आहे. मामांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं चालू. गाणं संपलं तर म्हणाले, "परत लाव." परत लावलं. मग म्हणाले, "हाऊ वाजाडस कमी आनि थांबस जास्ती." म्हणजे हा वाजवतो कमी, थांबतो जास्त. मी आतापर्यंत फंकवर इंग्रजीत जे काय वाचलं त्यात ह्याच्या एवढं नेमकं कोणी सांगितलेलं नाही. मग मामांनी खुर्चीच्या हातावर तो ठेका धरायचा प्रयत्न केला, दोन-तीनदा घसरले, मग एकदा चार फेरे बरोबर गेले आणि मामी आतून म्हणाली की खुर्ची मोडशाल.

मामांना ते लगेच कळण्याचं कारणही आहे. न्यू ऑर्लिन्सला पितळी वाजंत्र्यांचा बँड रस्त्याने निघतो, मयतीलाही निघतो आणि सणालाही, बँड आणि घरची माणसं पुढे, ती पहिली रांग, आणि मागे रुमाल-छत्र्या फिरवत नाचणारे लोक, त्यांना सेकंड लाइन म्हणतात. त्या चालत्या बँडचा जो हेलकावे खाणारा ठेका आहे तोच झिगाबूने बसून एकट्याने वाजवला असं समजा. तिथे रस्त्यावर ढोल एकाकडे, ताशा दुसऱ्याकडे, इथे सगळं एकच माणूस सांभाळतो. आपल्याकडे कानबाईची मिरवणूक नदीवर जाताना पुढे वाजणारे आणि मागे नाचणारे ह्यांच्यात जे चालतं ते बघितलेल्या माणसाला सेकंड लाइन वेगळी समजावून सांगायला लागत नाही. ताल एक आहे असं मी म्हणत नाही, ताल वेगळाच आहे, पण चालत चालत वाजवणाऱ्याचा ठेका आणि बसून वाजवणाऱ्याचा ठेका ह्यातला फरक आपल्याला आधीच ठाऊक असतो.

'सिसी स्ट्रट' अंगात मुरलं की अजून तीन गाणी, एका रात्रीला एक. 'सोफिस्टिकेटेड सिसी', हे त्याच्या आधीचं हिट, जरा संथ, लोळत चाललेलं. मग 'लुक-का पाय पाय', ह्याच्या सुरुवातीला ते तोंडानेच ठेका धरतात, शब्दाला अर्थ शोधत बसू नका. आणि 'चिकन स्ट्रट', १९७० चं, ह्यात बँडवाले चक्क कोंबड्यासारखे ओरडतात, हे घरातल्या लहान पोरांना ऐकवा, आमची पुतणी अजून मागते.

ही चार गाणी झाली की पहिले तीन अल्बम झेपतात. 'द मीटर्स', 'लुक-का पाय पाय' आणि 'स्ट्रटिन', तिन्ही जोसी नावाच्या कंपनीचे, १९६९-७० च्या दरम्यानचे, एका दमात काढल्यासारखे. खरं सांगायचं तर तिन्ही एकामागून एक ऐकायची गरज नाही, एक पूर्ण ऐका, बाकीच्यातून निवडा. मी म्हणेन दुसरा पूर्ण ऐका. त्यात 'ओह, कलकत्ता!' नावाचं एक आहे, मी मोठ्या उत्साहाने लावलं की आपल्याकडचं काहीतरी असेल, तर आपल्या कलकत्त्याशी काही संबंध नाही, त्या काळात न्यूयॉर्कला ह्या नावाचा एक रंगमंचावरचा शो गाजत होता, त्याची धून आहे. तिसऱ्यातलं 'हँडक्लॅपिंग साँग' मात्र सोडू नका, नावातच टाळ्या आहेत, ताकधिमीचा सराव करायला एकदम बेस्ट.

इथपर्यंत जर तुम्हाला 'गाणारं कोणी का नाही' हा प्रश्न छळत असेल, आणि छळतोच, आपल्याला शब्द लागतात, तर आता बक्षीस आहे. 'रिज्युव्हिनेशन', १९७४. ह्याच्यासाठी एक पूर्ण रात्र ठेवा.

मधल्या काळात बँड जोसीवरून रिप्राइज ह्या मोठ्या कंपनीकडे गेला, १९७२ ला 'कॅबेज अॅली' आला, तो बरा आहे, चाचपडणारा आहे, गाणं सुरू केलंय पण अजून अंगवळणी पडलेलं नाही, त्यातलं 'गेटिंग फंकियर ऑल द टाइम' ऐकलं तरी चालेल. पण 'रिज्युव्हिनेशन' म्हणजे भरीत जमलेलं. आता भरीत जमणं म्हणजे काय हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, वांगी काड्यांवर, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्यांवर भाजलेली, मिरची तव्यावर नाही तर त्याच विस्तवात, लाकडी बडगीत कुटलेलं, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कुठलीच वस्तू दुसरीच्या डोक्यावर बसलेली नाही. ह्या अल्बममध्ये गाणं आहे, पितळी वाद्यं आहेत, कोरस आहे, आणि तरी चौघांचा तो रिकामा ठेवलेला हिशोब मोडलेला नाही.

नऊच गाणी. 'पीपल से' ने सुरू होतं. 'जस्ट किस्ड माय बेबी' ला गिटार जी वाँव-वाँव करते ना, पायाच्या पेडलने करतात ते, आणि दोन वाँवच्या मधे जी शांतता आहे तिथे तुम्हाला वाटेल नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलेलं नसतं. मी फोन तपासला होता. 'हे पॉकी अवे' हे त्यांचं मार्डी ग्राचं, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या सणाचं गाणं, पियानोपासूनच पाय उचलायला लागतो. 'इट एन्ट नो यूज' जवळपास बारा मिनिटांचं, हे घाईत ऐकायचं नाही, अर्ध्यानंतर गाणं बाजूला राहतं आणि चौघं नुसते वाजवत सुटतात, तिथे परत तो चार-माणसांचा खेळ करून बघा, एक एक माणूस धरून. आणि शेवटी 'आफ्रिका'. हा अल्बम गाण्यांच्या क्रमानेच ऐका, शफल बंद करा, शफल हा प्रकार ज्याने काढला त्याला एकदा रात्रीच्या लाईटला मळ्यात पाठवलं पाहिजे.

ह्याच्या पुढे दोन वाटा फुटतात, आणि मला विचाराल तर दुसरी वाट जास्त मजेची.

पहिली वाट म्हणजे बँडचे पुढचे अल्बम. १९७५ चा 'फायर ऑन द बायू' चांगला आहे, इथे आर्टचा धाकटा भाऊ सिरिल बँडमध्ये आला, गायला आणि हाताची तालवाद्यं वाजवायला, म्हणजे चाराचे पाच झाले. शेवटचं गाणं 'मार्डी ग्रा मॅम्बो' आहे, ते आर्टने पोरवयात, १९५४ मध्ये, हॉकेट्स नावाच्या बँडबरोबर रेकॉर्ड केलं होतं, वीसेक वर्षांनी परत त्याच गाण्याला हात लावला. दोन्ही मिळतात, दोन्ही लागोपाठ ऐका, पाच मिनिटांचं काम आहे. मग १९७६ चा 'ट्रिक बॅग', त्यातलं पहिलंच गाणं 'डिस्को इज द थिंग टुडे', नाव वाचूनच समजा हवा कुठे चालली होती. आणि १९७७ चा 'न्यू डिरेक्शन्स', आवाज चकचकीत, पितळी वाद्यं दणदणीत, पण मला तो बँड परका वाटतो. त्यातलं 'फंकिफाय युवर लाइफ' घ्या आणि पुढे चला. त्याच वर्षी बँड फुटला. पैसा, हक्क, नाव कोणाचं, ही जी भांडणं सगळ्या बँडमध्ये होतात ती इथेही झाली, ज्यांना भाऊबंदकीतला बांधाचा वाद माहितीये त्यांना अजून खोलात सांगायला नको. एकूण आठ स्टुडिओ अल्बम, नऊ-दहा वर्षं, संपलं.

दुसरी वाट म्हणजे घरचा बँड म्हणून दुसऱ्यांच्या मागे त्यांनी जे वाजवलं ते. हे संपूर्ण संचात नसतं आणि लोक तिथेच फसतात, त्यांना वाटतं सहा डिस्क ऐकल्या म्हणजे मीटर्स संपले. ली डॉर्सीचा 'यस वी कॅन', १९७०. डॉक्टर जॉनचा 'इन द राइट प्लेस', १९७३, त्यातलं 'राइट प्लेस राँग टाइम' तर लावाच, माणूस घोगऱ्या आवाजात तक्रार करतोय आणि खाली तेच आपले लोक. इंग्लंडचा गायक रॉबर्ट पामर १९७४ ला स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम करायला न्यू ऑर्लिन्सला आला तेव्हा मागे हेच. ह्या सगळ्यात खेळ असा करायचा की गायकाकडे लक्षच द्यायचं नाही, मागचा माणूस ओळखायचा, 'हा झिगाबू शे', 'हा पोर्टर शे'. चार-पाच गाण्यांनंतर ओळखू येतं. लग्नात मामा दुसऱ्या गावच्या बँडचा नुसता आवाज ऐकून सांगायचे साईडवर कोण आहे, तसंच.

आणि ह्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम, 'द वाइल्ड चॉपिटूलस', १९७६. न्यू ऑर्लिन्समधल्या काळ्या लोकांच्या टोळ्या आहेत, त्यांना मार्डी ग्रा इंडियन्स म्हणतात, वर्षभर मणी आणि पिसं शिवून शिवून पोशाख बनवतात आणि सणाला तो घालून रस्त्यावर गात निघतात, पुढच्या वर्षी नवा पोशाख. वाइल्ड चॉपिटूलस ही त्यातलीच एक टोळी, तिचा म्होरक्या म्हणजे नेव्हिल भावांचा सख्खा मामा, जॉर्ज लँड्री, टोळीतलं नाव बिग चीफ जॉली. मामा गातोय आणि मागे भाचे आणि मीटर्स. मला हा अल्बम का आवडतो हे वर अमळनेरचं वाचलेल्याला कळलं असेल.

लाइव्ह ऐकायचं असेल तर 'अपटाउन रूलर्स'. १९७५ च्या मार्चमध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीने कॅलिफोर्नियात लाँग बीचला, क्वीन मेरी नावाच्या जुन्या बोटीवर पार्टी दिली, तिथे हे वाजवायला होते, त्याची रेकॉर्डिंग १९९२ ला बाहेर आली. १९७५ ला आणि पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्स ह्या बँडच्या दौऱ्यांत त्यांच्या आधी स्टेजवर हेच जायचे. एवढ्या मोठ्या लोकांना आवडणारा बँड आणि आपल्या घरी कोणाला माहीत नाही, असंही असतं.

आता संच. सगळं जमल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, संच उघडा, आता तो तुम्हाला घाबरवणार नाही. तीन प्रकार आहेत. १९९५ चा 'फंकिफाय युवर लाइफ', दोन डिस्क, निवडक, ज्याला एकदाच काय ते घ्यायचंय त्याने हा घ्यावा. २०१६ चा 'अ मेसेज फ्रॉम द मीटर्स', ह्यात फक्त सिंगल्स आहेत, म्हणजे छोट्या तबकडीवर दोन्ही बाजूंना एकेक गाणं निघायचं ती, चाळीस गाणी. माझा आवडता हाच, कारण हा बँड मुळात तीन मिनिटांचा बँड आहे, ज्यूकबॉक्ससाठी आणि रेडिओसाठी वाजवणारा, आणि मागच्या बाजूची गाणी बऱ्याचदा पुढच्यापेक्षा वेडी असतात. आणि तिसरा तो २०२० चा सहा डिस्कवाला, 'गेटिंग फंकियर ऑल द टाइम', ज्याने मला पळवून लावलं होतं. तो क्रमाने ऐकायचा नाही, तो शब्दकोशासारखा वापरायचा, काही अडलं, काही आठवलं की उघडायचा. रोज एक अनोळखी गाणं, एवढंच. दोन ऐकली की परत सगळं सारखं वाटायला लागतं, मी करून बघितलंय.

आणि सगळ्यात शेवटी, संचाच्याही बाहेरचं एक. गिटारवाल्या नोसेंटेलीने १९७१ च्या सुमारास स्वतःचा एक वेगळाच अल्बम रेकॉर्ड करून ठेवला होता, साधी लाकडी गिटार, स्वतःच्या आवाजात, फंकचा मागमूस नाही. तो बाहेर आलाच नाही. टेपा टूसाँच्या स्टुडिओत पडून. २००५ ला कॅटरिना वादळात स्टुडिओ पाण्यात गेला, आणि सगळ्यांना वाटलं टेपाही गेल्या असतील, तर त्या कशाकशा फिरत कॅलिफोर्नियातल्या जुन्या बाजारात विकायला आल्या, एकाने घेतल्या, आणि २०२१ ला अल्बम निघाला, नाव 'अनदर साइड'. पन्नास वर्षांनी.

हा रात्रीच्या पाण्याला लावू नका, झोप येते. मी पहाटे मोटर बंद करून बांधावर बसतो तेव्हा लावतो, दोन्ही कानात.